आजाराचं विरजण

आधी नाव लिहिते, काय घडलं ते मागून. जैबूनआपा. भडकल दरवाज्याच्या आतल्या गल्लीत राहणारी, आमच्या खात्यात काचेची भांडी धुणारी, तोंडात कायम पानाचा तोबरा आणि जिभेवर कायम शिवी. तिच्याइतकी कडू बाई मी दुसरी पाहिली नाही. पण तिचं नाव घेतल्याशिवाय त्या हंगामाबद्दल मी एक अक्षर लिहिलं, तर ते मला पचणार नाही.

भादवा सरत आला की या शहरात एक खास ऊन पडतं. पाऊस गेला म्हणावं तर भिंती ओल्या, आहे म्हणावं तर डोकं भाजतं. बाकीच्यांना या दिवसांत नवरात्राचे वेध लागतात. मला वास येतो तो पांढऱ्या पावडरीचा. काल संध्याकाळी डासांसाठी महापालिकेची धुराची गाडी आमच्या कॉलनीतून गेली. पोरं धुरामागं नाचत पळाली आणि मी खिडक्या लावून आत बसले. सून म्हणाली, "आत्या, डासांचा धूर हाय तो, भ्यायचं काय त्यात?" तिला काय सांगणार! धुराला नाही भीत मी. धूर बघून दारात उभ्या राहणाऱ्या माणसांना भिते.

माझं माहेर देगलूरकडं, तेलंगी मुलखाच्या शिवेवर. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. सहावीत शाळा सुटली, कारण मेंढरांना सुट्टी नसते. लग्न झालं आणि नवऱ्यामागं इथं आले, तेव्हा या शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. नवरा ट्रकवर क्लीनर. एकदा गाडी निघाली की पंधरा-पंधरा दिवस पत्ता नसायचा. रुळांच्या पलीकडं भाड्याची एक खोली, तीन वर्षांची रंजी, आणि मी. आपलं माणूस असं कुणी नाही. कुणाच्या तरी ओळखीनं मला काम मिळालं ते उंदरांच्या घरात.

खातं आजारांचं होतं. पोटातले जंत, रक्तातला हिवताप, असल्या जिवांचा तिथं अभ्यास चालायचा. माणसावर करून पाहता येत नाही ते आधी उंदरावर करून पाहायचं, अशी रीत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, भिजवलेला हरभरा घालायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, हे माझं काम. उंदीर पांढरे, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. मला त्यांची माया होती असं खोटं लिहिणार नाही. ते चावायचे. त्यांच्या मुताचा वास साबणानं जात नसे. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकायची. पण आजारी उंदीर पाठीचं कुबड करून, अंगावरचे केस फुलवून एका कोपऱ्यात बसला, की माझा हात त्या पिंजऱ्यापाशी जरा थांबायचा. गारठलेलं मेंढरू असंच बसतं.

तिथली एक गोष्ट मला फार लवकर कळली. उंदरांचा हिवताप बाटलीत भरून ठेवत नाहीत. एका उंदराच्या रक्तातला आजार, तो मरायच्या आत, दुसऱ्या धडधाकट उंदराला टोचायचा. तो आजारी पडला की त्याच्यातून तिसऱ्याला. मध्ये खंड पडला तर आजारच संपला, मग नवं औषध लागू पडतं का हे बघायचं कशावर? शिकायला आलेल्या नव्या पोरांना आमच्या खात्याच्या मॅडम हे समजावून सांगत होत्या आणि मी भुसा भरता भरता मनात म्हटलं, अगंबाई, हे तर विरजण!

मनात म्हटलं तिथंच राहायला हवं होतं.

आमच्या गल्लीत ऊन उतरलं की विरजणाच्या वाट्या फिरायच्या. आज हिचं दही आंबट झालं, उद्या तिचं दूध नासलं. मग शेजारी वाटी पाठवायची. मात्र दिवेलागणीच्या आत. दिवा लागल्यावर विरजण दिलं तर घरची बरकत जाते, म्हणून कुणी देत नसे. अशीच एकदा मी घरमालकीण शशीकाकूंकडं वाटी घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "तिथं करता तरी काय गं दिवसभर?" मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "काकू, आपण दह्याचं ठेवतो ना, तसं तिथं आजाराचं विरजण ठेवतेत." काकू हसल्या. चमच्यानं दही वाटीत टाकताना मात्र चमचा वाटीला लागू दिला नाही, वरूनच टाकलं. मला वाटलं, सोवळ्याच्या असतील.

मग बीडकडं उंदीर मरून पडल्याची बातमी आली. पाठोपाठ सुरतेची आली. प्लेग! ज्यांनी तो शब्द फक्त आज्याच्या तोंडून ऐकला होता, त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. बघता बघता अख्ख्या शहरानं तोंडाला रुमाल बांधले. औषधाच्या दुकानांपुढं कॅप्सुलांसाठी रांगा लागल्या. कुणाला शिंक आली तरी माणसं मागं सरकत होती. गल्लीतले दाजीबा कट्ट्यावर बसून सांगायचे, "आमच्या आज्यानं घरदार उघडं टाकून रानात खोपी घातल्या व्हत्या. उंदीर पडला की गाव सोडायचं. मागं बघायचं नाय." ऐकणारी माणसं मान हलवायची, आणि मान हलवता हलवता माझ्या दाराकडं बघायची.

नळावर तर रोजचंच झालं.

"तिकडं उंदरं संभाळती, आन् इकडं आपल्याच नळाला हात लावती."

"नुसती संभाळत नाय बाई. आजाराचं विरजण लावती. तिच्याच तोंडचं हाय."

"व्हय का गं विमल? कुठं लावलंय, माठात का कळशीत?"

हसल्या सगळ्या. मी म्हटलं, "अहो, प्लेगाचा नाय तो. हिवतापाचा हाय, त्यो बी उंदरांचा."

"म्हंजी हाय तर खरा!" असं म्हणून एकीनं तिची घागर उचलून दूर ठेवली. माझी कळशी भरेपर्यंत नळाभोवती कुणी उरलं नाही. त्या दिवसापासून विरजणाची वाटी माझ्या दारावरून पुढं जायला लागली. मी दिली तर घेईनात, मागितलं तर "आज लावलंच नाय" म्हणायच्या, आणि आतून रवीचा आवाज यायचा.

गल्लीनं मग उंदीर मारायचं औषध आणलं. बेसनाच्या गोळ्यात कालवून गटारीच्या कडेनं, पिठाच्या गिरणीमागं, मंडळाच्या मांडवाच्या बांबूंपाशी ठेवलं. उंदरांनी खाल्लं, आणि एका सकाळी गिरणीपुढं मरून पडलेले दिसले. झालं! "उंदीर पडले! आपल्या गल्लीत उंदीर पडले!" गोळ्या मळणारे हात तेच आणि कपाळ बडवणारे हातही तेच. एक जण हळूच म्हणाला, "औषधानं मेले असतील की." त्याच्यावर सगळे तुटून पडले. "औषधानं मरतेत ते बिळात मरतेत. हे भाईर येऊन मेले. कुणी बलावले भाईर?" आणि पुन्हा सगळे माझ्या दाराकडं वळले.

त्याच दुपारी गल्लीच्या तोंडाशी पोरं काठ्या घेऊन बसली. मांडवातल्या गणपतीपुढच्या उंदराला गुलाल लावून नाचलेली हीच पोरं. ठराव असा झाला, की ज्या घरात ताप निघेल ते घर त्याच दिवशी रिकामं करायचं. तापाचं माणूस सरकारी गाडीत घालून पाठवायचं आणि बाकीच्यांनी वाट फुटेल तिकडं जायचं. शशीकाकूंचे मालक मला वरच्या गॅलरीतून म्हणाले, "तुझ्याच घराचं म्हणत नाय हां. सगळ्यांसाठी हाय." ते तसं म्हणाले आणि मी आत जाऊन दाराला कडी घातली.

कारण रंजीला ताप होता.

आदल्या दुपारी ती आधी कुडकुडली, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखं तापलं. मग घामानं भिजून झोपली. तिला मी दार लावून, आवाज दाबून सांभाळत होते. ती रडायला लागली की मी स्टोला पंप मारायचे, म्हणजे त्या आवाजात रडणं बुडावं. कामावर गेले नाही. नवरा कुठं होता, देव जाणे. दवाखान्यात न्यायचं तर गल्लीच्या तोंडाशी काठ्या, आणि कडेवरच्या तापलेल्या पोरीला बघून त्यांनी काय केलं असतं, ते मला रोज नळावर दिसत होतं.

पण खरी भीती काठ्यांची नव्हती. काठ्या बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंजी गोधडीतून उठली आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन, पाठीचं कुबड करून बसली. मानेवरचे बारीक केस उभे. मी तिच्याकडं पाहिलं आणि मला पिंजरा दिसला. गल्ली खरं बोलत असली तर? माझ्या नखांतून, पदरातून, चपलेच्या तळव्यातून मीच घरी आणलं असलं तर? लोक कितीही वाकडं बोलले तरी माणूस त्यांना मनात उत्तर देतो. मी नुसते हात धूत होते. कातडी सोलेपर्यंत.

त्याच सकाळी दारावर लाथ बसली. लाथच. "अगे विमला! मर गई क्या? तेरे चूहों का गू मैं कायकू उठाऊँ?"

जैबूनआपा. आपाला उंदरांची भयंकर किळस. पिंजऱ्यांच्या खोलीपुढून जातानाही ती नाक दाबायची. मी आले नाही म्हणून मॅडमनी तिला माझं काम लावलं होतं, त्याचा राग घेऊन ती पत्ता विचारत विचारत आली होती. दार उघडलं तशी ती भांडायला तोंड उघडून आत शिरली, आणि कोपऱ्यातली रंजी बघून तोंड उघडंच राहिलं. बुरख्याचा पडदा वर टाकून तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला.

"कबसे?"

"परवापासून."

"किसको बोली?"

"कुणालाच नाय."

"अच्छा किया. अब रो मत, वो बाहर के शैतानां सुन लेंगे." माझ्या दोरीवरचं जुनं लुगडं तिनं ओढून घेतलं. रंजीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "बाँध. कस के. मोटी तो मैं हूँच, कौन देखने बैठा है!" मी पोरीला तिच्या पोटाशी बांधलं. वरून काळा बुरखा खाली पडला आणि माझी रंजी या जगातून नाहीशी झाली.

मी डबा घेतला, दाराला कडी लावली आणि कामावर निघाल्यासारखी तिच्या मागं चालले. गल्लीच्या तोंडाशी एका पोरानं काठी आडवी धरली. "चाची, किधर आयी थी?"

"तेरे बाप का जनाजा है सुन के आयी थी. देखी तो कम्बख्त जिंदा है."

बाकीची पोरं हसली. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "पोरगी कुठंय गं वहिनी?"

"निजलीय," मी म्हटलं. आणि तेवढ्यात बुरख्याच्या आतून रंजीचे वाळे वाजले.

आपानं काय करावं? कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून त्या पोराच्या नाकापुढं खणखणा हलवायला लागली. "दिख री क्या चाबी? धोने की खोली मेरे हाथ में है. मैं देर से गयी तो साहब मेरी तनखा काटेगा, तू देगा? हट!" चाव्या वाजवत, शिव्या देत ती त्या काठीखालून गेली, आणि तिचा आवाज ऐकून गिरणीवरचे लोकही बाजूला झाले. शिवी ही एवढी कामाची वस्तू आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

रिक्षा क्रांती चौकात थांबली तेव्हा आपानं पडदा वर करून पोरीचं तोंड हवेला काढलं. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि दचकला. "खाला, ये कहाँ से निकली?"

"पेट से. सामने देख के चला."

खात्यात पोचलो तर मॅडम आधी माझ्यावरच ओरडल्या. आजारी पोर इथं आणायचं नाही हा नियम तुला माहीत नाही का, म्हणाल्या. त्या डॉक्टर होत्या, पण माणसांशी बोलायची त्यांना सवय नव्हती. ओरडत ओरडतच त्यांनी रंजीच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर फासला, काच सुकवली, रंगात घातली. तो निळसर जांभळा रंग मी रोज मोरीत ओतलेला. त्या दिवशी त्याच्याकडं बघवेना. शेजारच्या खोलीत उंदीर भुशात खसखस करत होते, आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. प्लेग नसू दे, असं म्हणायचं होतं. पण मनात येत होतं ते दुसरंच. देवा, काही असू दे, पण ते माझ्या पिंजऱ्यातलं नसू दे.

मॅडम बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये, बघ." मी डोळा लावला. लाल टिकल्या, आणि एका टिकलीत खडा बसवलेली बारीकशी अंगठी.

"हिवताप आहे. साधा. गोळ्यांनी जाईल."

"उंदरांचा?" माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"उंदरांचा उंदरांना, माणसाचा माणसाला," त्या वैतागून म्हणाल्या. "उंदराचा तुला होत नाही, तुझा उंदराला होत नाही. हा डासानं आणलाय. घराजवळ पाणी साचतं का कुठं?"

"टाकी हाय. गल्लीची. झाकण नाय तिला."

"मग बघ. तिथला असेल."

मी खाली बसले. आपानं मला उठवलं नाही. काचेची भांडी आपटत ती तिच्या कामाला लागली, आणि जाता जाता म्हणाली, "सुन ली ना? चूहे बेगुनाह हैं. अब जा, उनको खाना दे. मेरे हाथ को काटे कल." म्हणजे काल तिनं पिंजरे धुतले होते. किळस येत असताना, हात चावून घेऊन. आजाराच्या विरजणात खंड पडला नव्हता.

संध्याकाळी आम्ही परत गेलो तर माझा संसार गल्लीबाहेर रस्त्यावर होता. कडी तोडून आत बघितलं होतं, गोधडी घामानं ओली सापडली होती, पोर नव्हती. तेवढं पुरे झालं. पेटी, स्टो, गोधड्या, सगळ्यावर पिसवा मारायची पांढरी पावडर फेकलेली. दह्याचं गाडगं गटारीत उपडं. मी ओरडून सांगितलं, हिवताप हाय, डॉक्टरनं बघितलाय, तुमच्याच टाकीतल्या डासाचा हाय! शशीकाकू वरून म्हणाल्या, "आमची बी लेकरं हायेत, विमल." एवढंच. आणि खिडकी लावली. खाली कुणीतरी म्हणालं, "आता टाकीवर आली! उद्या म्हणंल, देवळानं दिला."

आपानं त्यांच्याशी भांडण केलं नाही. दिवसभराच्या शिव्या तिच्याकडं होत्या, पण त्या वेळी एकही काढली नाही. पोर माझ्या कडेवर दिली, पेटी उचलून डोक्यावर घेतली, आणि पेटीवरची पांढरी पावडर तिच्या काळ्या बुरख्यावर पीठ सांडल्यासारखी सांडत गेली.

तिच्या घरीही कुणी ओवाळायला उभं नव्हतं. सून दारातच म्हणाली, "अम्मी, प्लेग उठा लाए क्या घर में?"

"हौ, लायी. दाल चढ़ा."

मग आपा मला म्हणाली, "मेरे घर का पानी चलता ना तेरेको? नहीं तो नल बाहर है." मी तांब्याला तोंड लावून प्याले. रंजीनं गुळात घातलेली गोळी दोनदा थुंकली; तिसऱ्यांदा आपानं नाक दाबून गिळायला लावली. मग तिनं कपाटातून एक वाटी काढून माझ्यापुढं ठेवली. विरजण. "सुबह पोट्टी को दही-चावल दे. दूध लगा के रख."

बाहेर दिवे लागले होते. मी सवयीनं म्हटलं, "आपा, दिवेलागणीनंतर देत नसतेत गं."

ती पान लावता लावता थांबली. "तेरे लोगां तो दिन में बी नहीं दिए ना."

मेंढवाड्यात आजारी मेंढरू वेगळंच बांधतात. माझा बाप बांधायचा. म्हणून गल्ली का भ्याली हे मला कळतं. न कळायला मी काही शिकलेली नाही. पण बाप त्या मेंढरापुढं सगळ्यात आधी पाला टाकायचा. पाणी स्वतःच्या हातानं दाखवायचा, आणि त्याच्याशेजारी घोंगडी टाकून निजायचा. वेगळं बांधणं आणि पावडर फेकून रस्त्यावर काढणं, या दोहोंत पाल्याच्या एका डहाळ्याचं अंतर आहे. तेवढं अंतर अख्ख्या गल्लीला ओलांडता आलं नाही. पुढं शशीकाकू भाजीबाजारात भेटल्या. "कशी हायस विमल, जुनं काय धरून बसतेस," म्हणाल्या. मी जुनं धरूनच बसले आहे. कुणी म्हणेल मन मोठं करावं. करावं ज्यांना परवडतं त्यांनी.

उंदरांबद्दल मात्र माझं मन त्या दिवसापासून निवळलं. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यावर सगळ्यात आधी आळ येतो, आणि माणसाच्या औषधाची परीक्षा बघायलाही सगळ्यात आधी तेच. मी त्या घरात म्हातारी होईपर्यंत काम केलं. अजून कुठं पाठीचं कुबड करून बसलेलं पोर दिसलं की उठून कपाळाला हात लावते. आयांना आवडत नाही. नुकतंच महामारीत सगळ्या जगानं तोंड बांधलं तेव्हा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईला लोकांनी जिना चढू दिला नाही. मी तिला वाटीभर दही नेऊन दिलं. दिवेलागणीनंतर, मुद्दाम.

आपा आता जालन्याला लेकीकडं असते. गुडघे गेले, एका डोळ्यानं दिसत नाही. फोन केला की पहिली शिवी, मग रंजीची चौकशी. रंजीला आता स्वतःची पोर आहे. मी उपकाराचा शब्द काढला की आपा फोन ठेवते.

म्हणून इथं लिहिते, तिला ठेवता येणार नाही. आपा, फेडायचं म्हणजे तसला दिवस तुझ्या दारात यावा लागेल, आणि तो येऊ नये म्हणून मी रोज हात जोडते. पण दिवस कुणाला विचारून येत नाहीत, आणि हल्ली माणसांच्या हातात काठ्या लवकर येतात. कधी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी कुणी काठी आडवी धरली, तर मला एक फोन कर. माझं लुगडं नऊवारी आहे. तू, लेक, नातवंडं, मावतील तेवढी मावतील. शिव्या मला तुझ्याइतक्या येत नाहीत, पण काम सोडताना तू माझ्याकडं टाकलेला तो चाव्यांचा जुडगा मी जपून ठेवला आहे. मी चाव्या वाजवत येईन.